प्रवाळाचे बेट आणि त्यावरचे पाहुणे
(भूगोल व विज्ञान : इयत्ता आठवी ते दहावी)



हल्ली आपल्या ओळखीतले कुणी ना कुणी मालदीवला जाऊन आलेले असते. त्यांच्या फोटोंत पांढरीशुभ्र वाळू, काचेसारखे निळे पाणी आणि पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या खोल्या दिसतात. एका रात्रीचे भाडे ऐकले की घरातील आजी विचारते, "एवढे पैसे कशाचे रे घेतात?" प्रश्न साधा आहे, पण विचार करण्यासारखा आहे. खोली, जेवण, बोट यांचे पैसे असतातच. परंतु माणूस ज्यासाठी इतक्या दूर जातो ती वाळू, ते शांत पाणी आणि ते रंगीत मासे कोणत्याही हॉटेलमालकाने तयार केलेले नाहीत. ते ज्याने तयार केले त्या कारागिराची ओळख आज करून घेऊ या.

1. कारागीर कोण?

अंगठीतले लाल पोवळे तुम्ही पाहिले असेल. तो खोल समुद्रातील एका प्रवाळाचा सांगाडा असतो. बेटे बांधणारे प्रवाळ हे त्याचेच भाऊबंद, पण ते उबदार, स्वच्छ आणि उथळ पाण्यात वाढतात. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे असंख्य इवलेसे जीव एकत्र राहतात आणि समुद्राच्या पाण्यातील द्रव्यांपासून स्वतःभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचे, घर बांधतात. जुन्या घरांवर नवी घरे बांधली जातात आणि हजारो वर्षांत त्यांची प्रवाळभित्ती होते.

या पॉलिपच्या शरीरात सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालामुळेच असतो. म्हणून जिथे सूर्यप्रकाश पोहोचतो तिथेच या भित्ती वाढतात.

2. कंकण कसे तयार झाले?

समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीच्या बेटाभोवती प्रवाळ वाढतात. पुढे लाखो वर्षांत बेट हळूहळू खचते. प्रवाळ मात्र प्रकाशासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी मधले बेट बुडते आणि प्रवाळांचे कडे उरते. त्याच्या मध्ये उथळ, शांत पाण्याचे खाजण असते. हा विचार चार्ल्स डार्विनने 1842 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात मांडला.

अशा कड्याला आपण कंकणाकृती प्रवाळद्वीप म्हणतो. इंग्रजीतील 'अटॉल' हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतील 'अतोळु' या शब्दावरून आला आहे. त्यातला 'ळ' आपल्या ओळखीचा वाटतो ना? दिवेही ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे. आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरही तीच बोलली जाते.

मालदीवशी आपले आणखी एक जुने नाते आहे. 'फुटकी कवडीही नाही', 'कवडीमोल' असे आपण म्हणतो. कवड्या पूर्वी खरोखरच नाण्यासारख्या चालत. त्यांचा मोठा पुरवठा मालदीवच्या उथळ समुद्रातून होई. तिथून त्या जहाजांत भरून बंगालकडे जात. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काजी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने या व्यापाराविषयी लिहून ठेवले आहे.

3. वाळू कुठून येते?

मालदीवमध्ये सुमारे 1,190 बेटे आहेत आणि ती बहुतेक समुद्रापासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच आहेत. तिथे डोंगर नाही, नदी नाही. मग वाळू आणली कुणी?

पोपटमासा नावाचा रंगीत मासा आहे. पोपटाच्या चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडून त्यावरचे शैवाल खातो. पोटात गेलेल्या चुनखडीचा चुरा होतो आणि तो विष्ठेवाटे बाहेर पडतो. तीच पांढरी वाळू! वक्कारू नावाच्या बेटाभोवतीचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांमुळे होते, असे त्यात आढळले. आज त्याच वक्कारू बेटावर महागडे रिसॉर्ट आहे. पाहुणे ज्या वाळूवर अनवाणी फिरतात ती अशी बनलेली असते.

4. एक बेट, एक रिसॉर्ट

मालदीवमधील पहिले रिसॉर्ट 1972 साली राजधानी मालेजवळच्या एका निर्जन बेटावर सुरू झाले. त्याचे नाव कुरुंबा. सुरुवातीला तिथे केवळ 30 खोल्या होत्या. पुढे 'एका बेटावर एकच रिसॉर्ट' अशी रीत पडली. आज तिथे दीडशेहून अधिक रिसॉर्ट आहेत आणि 2024 साली 20 लाखांहून अधिक पर्यटक आले. देशाचे उत्पन्न मुख्यतः त्यांच्यावरच चालते.

परंतु लहान बेटावर ऐषआराम उभा करणे सोपे नसते. बेटाखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. जास्त उपसा केला तर तो खारट होतो. म्हणून रिसॉर्टमध्ये समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करतात. यंत्राला वीज लागते आणि ती बरीचशी डिझेलवर तयार होते. तांदूळ, भाजी, फळे बाहेरून येतात आणि कचरा बाहेर न्यावा लागतो. मालेजवळ थिलाफुशी नावाचे बेटच 1990 च्या दशकापासून कचऱ्याच्या भरावाने तयार झाले आहे.

किनाऱ्याची वाळू वाहून गेली की काही ठिकाणी खाजणातून वाळू उपसून पुन्हा किनाऱ्यावर टाकतात. त्यामुळे पाणी गढूळ होते, गाळ प्रवाळांवर बसतो आणि ते गुदमरतात. म्हणजे पाहुण्यांसाठी किनारा सुंदर करताना तो घडवणाऱ्या कारागिराचाच गळा दाबला जातो. दुसरी बाजूही सांगायला हवी. रिसॉर्टच्या प्रवाळाजवळ सहसा मासेमारी होत नाही, आणि काही रिसॉर्ट तुटलेल्या प्रवाळांचे तुकडे लोखंडी सांगाड्यांवर लावून वाढवतात.

5. भित्त गेली तर काय होते?

याचे उत्तर मालेने अनुभवले आहे. जागा वाढवण्यासाठी तिथे उथळ प्रवाळावर भराव घातला गेला आणि बांधकामासाठी प्रवाळ खोदले गेले. 1987 साली मोठ्या लाटा थेट शहरात शिरल्या. त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती काँक्रीटच्या टेट्रापॉडची संरक्षक भिंत बांधावी लागली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर दिसतात तसेच हे टेट्रापॉड. प्रवाळ जे काम फुकट करत होते त्यासाठी मग कोट्यवधी खर्च आला. शिवाय काँक्रीट वाढत नाही, स्वतःची दुरुस्ती करत नाही आणि वाळूही देत नाही.

मोठे संकट मात्र तापलेल्या पाण्याचे आहे. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या आतील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाही तर उपासमारीने मरतो. 1998 साली मालदीवच्या उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळ असेच मेले. ते सावरत असताना 2016 साली पुन्हा विरंजन झाले. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथे मोठे विरंजन जाहीर केले. कितीही श्रीमंत रिसॉर्ट असले तरी त्याला समुद्र थंड करता येत नाही. तो तापण्यात सगळ्या जगाच्या धुराचा वाटा आहे, आणि त्यात आपल्या बडोद्याचाही थोडा आहेच.

6. आपल्या जवळचे प्रवाळ

प्रवाळ पाहायला मालदीवलाच जावे लागते असे नाही. आपल्या गुजरातमध्ये कच्छच्या आखातात 1982 साली भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. जामनगरच्या पुढे नरारा येथे ओहोटीच्या वेळी वनखात्याच्या परवानगीने चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहता येतात. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रातही ते आहेत. शाळेच्या सहलीसाठी नराराचा विचार व्हावा, अशी विश्वस्तांना विनंती आहे. मात्र तुकड्या लहान असाव्यात आणि मुलांना आधी नियम शिकवलेले असावेत. शंभर मुलांचे बूट प्रवाळावरून गेले, तर आपण पाहायला आलो होतो की मोडायला, हेच कळणार नाही.

पालकांसाठी : मालदीव, लक्षद्वीप, अंदमान वा नरारा, कुठेही गेलात तरी प्रवाळावर उभे राहू नये, त्याला हात लावू नये, माशांना खाऊ घालू नये. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही आठवण म्हणून आणू नये. भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पोहताना अंगभर पोशाख घातला तर क्रीमही कमी लागते.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे हॉटेलवाला घेतो, पण पाहुण्यांना जे पाहायचे असते ते पॉलिप आणि पोपटमासा तयार करतात. त्यांना कवडीही मिळत नाही. त्यांना फक्त स्वच्छ, फार न तापलेले पाणी हवे असते.

स्वाध्याय

1. प्रवाळ आणि शैवाल एकमेकांना काय देतात?
2. डार्विनच्या मतानुसार कंकणाकृती प्रवाळद्वीप कसे तयार होते, ते तीन आकृत्या काढून दाखवा.
3. कारण द्या : टेट्रापॉडची भिंत प्रवाळभित्तीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.
4. करून पाहा : संगमरवराच्या छोट्या तुकड्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे का येतात? प्रवाळाच्या घराशी याचा काय संबंध आहे?
5. घरातील मोठ्यांना 'कवडी' असलेले वाक्प्रचार विचारा आणि किमान तीन लिहून आणा.