कर कापला कंपनीने, तगादा मला?

प्रश्न : आधीच्या कंपनीने दर महिन्याला पगारातून टीडीएस कापला आणि पुढे कंपनीच बंद पडली. आता प्राप्तिकर खाते म्हणते, कर जमाच नाही, व्याजासह भरा. अपील करू, की भरून मोकळा होऊ? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : भरू तर नकाच. प्राप्तिकर कायदा, १९६१ मधले कलम २०५ तुमच्या बाजूचे आहे. पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेसाठी खात्याला तुमच्याकडे वळता येत नाही. वसुली कंपनीकडून करायची. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये अशाच एका नोकरदाराच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितले. प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ आणि २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना बजावले, की अशा मागणीची सक्तीने वसुली करू नका.

मग नोटीस येतेच कशी? प्राप्तिकर खात्याच्या बंगळूरच्या केंद्रातला संगणक फक्त फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचे विवरण, बघतो. कंपनीने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात (मार्चचे ३० एप्रिलपर्यंत). तिने ते भरले नाहीत, तर तुमच्या स्लिपवरचा, समजा, ४,२०० रुपयांचा टीडीएस तिथे दिसत नाही आणि मागणी निघते. संगणकाला कलम २०५ वाचता येत नाही.

खरी मेख पुराव्यात आहे. कर कापला गेला, हे तुम्हाला दाखवावे लागते. पगाराची स्लिप आणि बँकेचे स्टेटमेंट शेजारी ठेवा : स्लिपवर कपात दिसते आणि खात्यात नेमकी तेवढी रक्कम कमी जमा झाली आहे, एवढे जुळले की बाजू भक्कम. कंपनीने मुळात कापलेच नसेल, तर मात्र कर तुमच्याच गळ्यात.

प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर थकीत मागणीला उत्तर देताना ‘मागणी बरोबर आहे’ हा पर्याय चुकूनही निवडू नका. नंतर मागे फिरता येत नाही. ‘असहमत’ निवडा, कागद जोडा. मागणीचे सूचनापत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३५ भरून ऑनलाइन अपील करता येते. उत्पन्न २ लाखांवर असेल तर शुल्क १,००० रुपये. मुदत टळली असली तरी उशिराचे पटणारे कारण लिहून विलंबमाफी मागा.

खाते पुढच्या वर्षीच्या परताव्यातून ही रक्कम वळती करू पाहते. ही मागच्या दाराने वसुलीच झाली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तीही अमान्य केली आहे. तेव्हा तशी सूचना आली की २१ दिवसांत हरकत नोंदवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला असला, तरी तुमचे वर्ष जुन्यातच मोडते.

आणि जे अजून नोकरीत आहेत, त्यांनी दर तिमाहीनंतर आपल्या नावावरच्या जमा कराचे विवरण उघडून पाहावे, स्लिपा घरच्या ईमेलवर उतरवून ठेवाव्यात. कंपनी बंद पडली, की तिचा ईमेलही बंद पडतो.