वनस्पतिउद्यान : हाताने शिकावयाचा पाठ

झाड आपल्या पानांवाटे पाणी हवेत सोडते, हे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते. परीक्षेत ते बिनचूक लिहिले जाते व परीक्षा संपताच विसरलेही जाते. ज्या मुलाने ते पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यास मात्र विसरावयाचे म्हटले तरी विसरता येत नाही. असे प्रत्यक्ष पाहणे कोठे व कसे घडावे, आणि नांदेड-लातूरच्या मुलांस त्याची गरज विशेष का आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

वनस्पतिउद्यान म्हणजे केवळ शोभेची बाग नव्हे. तेथे झाडांस त्यांचे नाव व कुळ सांगणारी पाटी असते, आणि कोणते रोप कोठून व केव्हा आणले याची नोंद ठेवलेली असते. ग्रंथालयात जसे ग्रंथ, तशी तेथे झाडे. कलकत्त्याजवळ शिबपूर येथे १७८७ साली असे उद्यान स्थापन झाले. बंगालमधील सेरामपूरच्या ज्या डॉ. विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, त्यांनीच पुढे या उद्यानाचे डॉ. रॉक्सबर्ग यांचा हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील ग्रंथ छापविला, व १८२० साली शेती आणि बागाइतीची संस्था काढली. भाषा असो की झाड, दोहोंच्या अभ्यासाची शिस्त त्यांस एकच वाटली असावी : आधी नीट पाहावे, मग नाव द्यावे, मग नोंद करावी.

मुंबईची राणीची बाग, पुण्याची एम्प्रेस गार्डन व कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाचे उद्यान ही पाहण्याजोगी स्थळे होत. परंतु ती आम्हांस दूर पडतात. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट मात्र जवळ आहे. हे बेट म्हणजे पाण्याने वेढलेली भूमी नव्हे, तर टेकडी होय; औषधी वनस्पतींसाठी ती प्रसिद्ध आहे. नांदेडच्या मुलांस किनवटकडील सागाचे जंगल आहे. सहल पावसाळ्याच्या अखेरीस काढावी, म्हणजे लहानसहान वनस्पतीही फुलावर सापडतात. तेथे काही उपटू नये, व औषधी म्हणून ऐकलेले पान ओळख पटल्यावाचून तोंडात घालू नये.

आता गरजेविषयी. १९७२ चा दुष्काळ आजोबांच्या तोंडून ऐकावयाचा. परंतु २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हाची गोष्ट पालकांस आठवत असेल. त्या वर्षी ११ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींची गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन निघाली व दुसऱ्या दिवशी लातुरास पोहोचली. ज्या शहराने आगगाडीने आलेले पाणी प्यायले, तेथील मुलांस पाणी, माती व झाड यांचा संबंध केवळ पुस्तकातून कळावा, हे बरे नव्हे.

यासाठी तीन पाठ आम्ही सुचवितो. उद्यान नसले तरी शाळेच्या आवारात ते होण्याजोगे आहेत.

पहिला पाठ पानांचा. सकाळी उन्हात कडुलिंबाच्या एका पानेरी डहाळीस पारदर्शक पिशवी बांधावी. दुसरी पिशवी वाळक्या काटकीस व तिसरी निवडुंगास बांधावी. दोन तासांनी पहिल्या पिशवीत पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. काटकीची कोरडी राहील. निवडुंगाच्या पिशवीत ओल फारच थोडी असेल. निवडुंग आपली सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटतो व रात्री उघडतो, हे मग सांगावे; आधी सांगू नये.

दुसरा पाठ मातीचा. दोन पत्र्याच्या तबकांपैकी एकात गवतासह माती, दुसऱ्यात उघडी माती भरून दोन्ही सारखीच तिरपी ठेवावी व प्रत्येकीवर एक एक तांब्या पाणी झारीने ओतावे. खाली वाहून आलेले पाणी काचेच्या भांड्यांत धरावे. एकातले पाणी थोडे व निवळ, दुसऱ्यातले पुष्कळ व गढूळ असेल. आपल्या शेतातली काळी माती मृगाच्या पहिल्या पावसात कोठे जाते, हे त्या भांड्यात दिसते.

तिसरा पाठ वहीचा. प्रत्येक मुलाने एक झाड निवडून त्याची पानगळ, पालवी, फूल व फळ यांच्या तारखा वर्षभर लिहाव्यात. पळस या वर्षी केव्हा फुलला, हे तीन-चार वर्षे लिहिले म्हणजे ती वही शाळेचे धन होते.

असे पाहणारे मूल घरी प्रश्न विचारते. उसाच्या व ज्वारीच्या पानांस पिशव्या बांधून पाहिल्या, तर पानाला पान लावता मोठा भेद दिसेलच असे नाही; परंतु रब्बीची ज्वारी सुमारे चार महिन्यांत निघते, आणि ऊस बारा महिने व त्याहूनही अधिक उभा राहून पाणी पितो. हे ध्यानात येताच मूल वडिलांस विचारील, "आपण ऊस का लावतो?" पालकांनी त्यावर रागावू नये. उसास कारखाना हुकमी गिऱ्हाईक आहे, घेतलेले कर्ज फेडावयाचे आहे, हे खरे कारण त्यास मोकळेपणाने सांगावे. मुलाचा हिशेब पाण्याचा आहे, पालकांचा पैशाचा. दोन्ही हिशेब एका ओट्यावर बसून मांडले जावेत, एवढेच आमचे मागणे आहे.

शाळेचा वेळ यात फुकट जातो, अशी शंका कोणी घेऊ नये. पर्यावरणाचे शिक्षण सर्व विद्यार्थ्यांस सक्तीचे असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले आहे. शिवाय यात आजीही शिक्षिका होऊ शकते. तरोटा, घोळ, पाथरी, कुर्डू या रानभाज्या तिला ज्या बारकाईने ओळखता येतात, तितक्या आम्हां पदवीधरांसही येत नाहीत. तेव्हा मुलाने मातीने मळलेल्या हातात एखादे पान आणून दाखविले, तर आधी हात धुवावयास न धाडता, त्या पानाचे घरातले नाव त्यास सांगावे व त्याच्या वहीत लिहून घ्यावयास लावावे.