सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा केक

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे. पंचाहत्तरीला त्यांच्यासाठी गुळाचा केक केला तर चालेल का? वर आयसिंग कशाचं करू?

उत्तर : गूळ नकोच. रक्तातली साखर तोही वाढवतो, मधही. शिवाय मैदा तसाच ठेवून नुसती साखर काढली, तर अर्धंच काम होतं. मैद्याऐवजी बदामाची पूड घ्या, गोडीला एरिथ्रिटॉल; ते साखरेच्या साधारण ७० टक्के गोड असतं. अ‍ॅस्पार्टेम ओव्हनसाठी निरुपयोगी, उष्णतेने त्याची गोडी जाते. केक कमी फुगेल, रंगही फिका येईल, त्याला इलाज नाही. आता आयसिंग : फॉन्डंट म्हणजे जवळपास साखरच, ते विसरा. श्रीखंडासाठी बांधतो तसा चक्का घ्या, व्हॅनिला घालून फेटा, वर पिस्त्याचे काप लावा. तुकडा मात्र लहानच. बिनसाखरेचा म्हणून मामंजी दुसरा मागतीलच, तो देऊ नका.