नदीचे श्रमदान आणि आपल्या उसाचे पाणी



या पानावर आम्ही बहुधा बेणे, लागण आणि खतांविषयी लिहितो. या वेळी विषय नदीचा आहे. तो उसाला सोडून नाही, हे पुढे दिसेलच.

अकोल्याची मोर्णा आपण सर्वांनी पाहिली आहे. दक्षिणेच्या डोंगरातून येते, पातूर तालुक्यात तिच्यावर धरण आहे, मग शहरातून वाहत पूर्णेला मिळते. शहरात तिचे पाणी जलकुंभीने दिसेनासे झाले होते. १३ जानेवारी २०१८ रोजी सहा हजारांहून अधिक नागरिक आणि शंभरावर संस्था नदीत उतरल्या. म्हातारी माणसे, मायबहिणी, शाळेतली पोरं, सगळे होते. २० तारखेला पुन्हा तेच. दर शनिवारी सकाळी काम करायचे, असा नेम त्यांनी ठरवला. ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले आणि १९५६ साली वलगावजवळ पेढी नदीच्या काठी ज्यांनी देह ठेवला, त्यांच्या मुलखाला हे काम शोभणारेच होते.

आम्हाला त्यातला ‘दर शनिवार’ फार महत्त्वाचा वाटतो. जलकुंभीला पोषक पाणी आणि ऊन मिळाले, तर साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. एक दिवस गाजावाजा करून काढली आणि घरी गेलो, की उरलेल्या चार झुडपांतून ती पुन्हा पसरते. शिवाय तिचे खाद्य वरून येत राहते. शहराचे सांडपाणी हे मोठे कारण खरेच. पण मोकाट पाण्याने वावरातून वाहून गेलेला युरियाही नाल्यावाटे नदीतच जातो, हे आपण तरी नाकारू नये. विकत घेतलेले खत जलकुंभीला चारायचे, हा कुठला हिशेब?

म्हणून नदीचे श्रमदान पात्रापुरते पुरत नाही, ते माथ्यावर न्यावे लागते. खारपाणपट्ट्यातल्या सभासदांना हे जास्त सांगायला नको. त्यांच्या विहिरीचे पाणी खारे, ते दिले की काळी जमीन चोपण होते. त्यांना गोड पाण्याची आशा डोंगराकडूनच.

असे काम आपल्याच भागात झालेले आहे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली पहिल्यांदा तीन तालुक्यांत झाली, त्यांत आपला वरुड एक होता. तिन्ही मिळून ११६ गावांनी भाग घेतला. संत्र्यासाठी बोअर खोल खोल नेऊन वरुडने जमिनीतले पाणी उपसले होते. ऐन उन्हाळ्यात गावकरी कुदळ-फावडे घेऊन टेकडीवर चढले आणि उताराला आडवे समतल चर खोदू लागले. आधी माथा, मग पायथा, शेवटी नाला, असा क्रम. तो उलटा केला तर बंधारा गाळाने भरतो.

आता अवघड गोष्ट. दहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चरात एका वेळी १,८०० लिटर पाणी मावते. पावसाळ्यात पाच वेळा भरला तर ९,००० लिटर. मोकाट पाण्यावरच्या वर्षभराच्या उसाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. आपल्याकडचा ८०० मिलिमीटर पाऊस सगळा कामी आला असे धरले, तरी १,२०० मिलिमीटर वरून द्यावे लागते, म्हणजे एकरी ४८ लाख लिटर. भागाकार करा: एक एकर ऊस ५३० चरांचे पाणी पितो!

गावाने घाम गाळून पाणी जिरवले आणि विहिरीला पाणी दिसताच चौघांनी नवे बोअर पाडून ऊस लावला, तर पुढच्या साली कुदळ घेऊन कोण येणार? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने याच भीतीने ऊस-केळीला आणि शेतीच्या बोअरला मज्जाव केला, दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडला. ऊस विभागातल्या माणसाने हे उदाहरण द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गाळप वाढावे म्हणून नदी आटावी, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. आहे तेवढाच ऊस ठिबकवर घ्या. पाण्यात ४० ते ५० टक्के बचत होते, खतही मुळाशीच राहते. पाचट पेटवू नका, सरीत पसरा. एकरी तीन-चार टन पाचट निघते, त्याने ओल टिकते. श्रमदानाच्या गावात नवी लागण करण्याआधी ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडा, मग आमच्याकडे नोंद करा.

आणि नदीवर नुसते कामालाच जाऊ नये. पोळ्याचे बैल नदीवर धुवायची रीत बऱ्याच गावांत हातपंपावर आली आहे. श्रमदान आटोपले की शिदोरी नदीकाठीच सोडावी, पोरांना पाण्याचा उगम कुठे आहे ते चालत नेऊन दाखवावे. जी जागा आवडते तिथे माणूस परत येतो.

काढलेली जलकुंभी काठावर टाकू नका, पुरात ती परत पात्रात जाते. उन्हात पूर्ण वाळवून पाचट आणि शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजवा. चर खोदायचे ते उन्हाळ्यात, आखणी मात्र आधी ए-फ्रेमने करून घ्या, नजरेने नको. गेल्या वर्षीच्या चरांतला गाळ मृगाआधी काढून खालच्या अंगाच्या भरावावर टाका.