काजळीतून उजेड: कार्बन डॉट कसे बनवले त्यावर ते कसे चमकतात

समईवर धरलेली काजळी आपण फडक्याने पुसून टाकतो. त्या काळ्या भुकटीतून रंगीत उजेड मिळेल असे कोणी म्हटले, तर पटणार नाही. पण २००७ साली संशोधकांनी मेणबत्तीची काजळी नायट्रिक आम्लात उकळली, कण वेगळे केले आणि त्यांच्यावर अतिनील किरण टाकले. तेव्हा ते कण वेगवेगळ्या रंगांत चमकले.

या कणांना कार्बन डॉट म्हणतात. ते बहुधा १० नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. एका केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीने बसतील. त्यांचा शोध योगायोगाने लागला. २००४ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात कार्बनच्या नॅनोनळ्या शुद्ध करताना हे चमकणारे कण सापडले. २००६ साली क्लेमसन विद्यापीठातील गटाने त्यांना ‘कार्बन डॉट’ हे नाव दिले.

कण चमकतो कसा?

अतिनील किरण पडले की कणातील इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातो. खाली येताना त्यातील थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेली दृश्य प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. हे काम कणाचा कार्बनी गाभाही करतो आणि पृष्ठभागावरील ऑक्सिजन व नायट्रोजनचे गटही करतात.

शोषलेल्या १०० प्रकाशकणांपैकी किती परत मिळाले, या प्रमाणाला क्वांटम यील्ड म्हणतात. काजळीच्या कणांचे क्वांटम यील्ड २ टक्क्यांच्याही आत होते. २०१३ साली सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमीन यांपासून बनवलेल्या कणांनी सुमारे ८० टक्के गाठले. दोन्ही कार्बनचेच कण. मग एवढा फरक का? कारण ते बनवण्याच्या पद्धतीत आहे.

कच्चा माल, द्रावक, तापमान आणि वेळ

आधी कच्चा माल घेऊ. फिनिलीनडायअमीन या पदार्थाची ऑर्थो, मेटा आणि पॅरा अशी तीन रूपे आहेत. तिघांचे रेणुसूत्र एकच आहे. फक्त दोन अमीन गट कड्यावर कोणत्या जागी बसले आहेत, एवढाच फरक. २०१५ साली संशोधकांनी ही तिन्ही रूपे इथेनॉलमध्ये १८० अंश सेल्सिअसला १२ तास तापवली. मेटापासून निळा, ऑर्थोपासून हिरवा आणि पॅरापासून लाल प्रकाश मिळाला.

द्रावक बदलला तरी रंग बदलतो. सायट्रिक आम्ल आणि युरिया पाण्यात तापवले तर प्रकाश निळा-हिरवा येतो. तेच डायमिथाइल फॉर्ममाइडमध्ये तापवले तर तो लालीकडे झुकतो.

तापमानासाठी बंद भांडे लागते, कारण उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. घरच्या प्रेशर कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत पोहोचते. प्रयोगशाळेत टेफ्लॉनचे अस्तर असलेला पोलादी ऑटोक्लेव्ह वापरतात. त्यात पाणी २०० अंशांवर असताना आतला दाब वातावरणाच्या सुमारे १५ पट होतो. या उष्णतेत छोटे रेणू एकमेकांना जोडले जातात, त्यांतून पाणी निघून जाते आणि हळूहळू कार्बनचा गाभा तयार होतो. वेळ कमी पडला तर गाभा कच्चा राहतो. जास्त झाला तर पृष्ठभागावरील उपयोगी गट जळून जातात.

आमच्या प्रयोगशाळेत

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी विज्ञान मंडळासाठी याची छोटी आवृत्ती करून दाखवली. सायट्रिक आम्ल आणि युरियाचे एकच द्रावण तीन चंचुपात्रांत सारखे ओतले आणि प्रयोगशाळेच्या मायक्रोवेव्हमध्ये वेगवेगळा वेळ तापवले. अमोनियाचा वास येतो म्हणून पंखे चालू होते आणि आम्ही लांब उभे होतो. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये हे कोणीही करू नये.

पहिले फिकट पिवळे झाले, दुसरे तपकिरी, तिसरे जवळजवळ काळे. प्रत्येकात पाणी घालून दिवे घालवले आणि अतिनील टॉर्च लावली. पहिले मंद निळसर दिसले, दुसरे हिरवे. तिसऱ्यात फक्त काचेच्या कडेला थोडी चमक होती. मग सरांनी त्याचे काही थेंब भरपूर पाण्यात टाकले आणि तेही हिरवे दिसू लागले. द्रावण दाट असले की ते टॉर्चचे किरण आणि स्वतःचा प्रकाशही शोषून घेते. म्हणून नमुन्यांची तुलना करायची तर ते आधी सारखे विरल करावे लागतात, हे मला तेव्हा नीट समजले.

चमक नेमकी कोणाची?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हा आहे. २०१२ साली सायट्रिक आम्ल आणि इथेनॉलअमीन वेगवेगळ्या तापमानांना तापवून पाहिले गेले. १८० अंशांना प्रकाश सर्वांत तेजस्वी होता. पण तो कार्बनच्या गाभ्याचा नव्हता. वाटेत तयार झालेल्या छोट्या रेणूंचा होता. तापमान वाढवले तसा गाभा बनू लागला, तेज मात्र कमी झाले. असे छोटे रेणू सतत किरण पडले की लवकर फिके पडतात, गाभ्याचा प्रकाश जास्त टिकतो. म्हणजे जास्त चमकणारा नमुना जास्त चांगला असेलच असे नाही. म्हणून तयार द्रावण डायलिसिसच्या पडद्यातून गाळून छोटे रेणू वेगळे करावे लागतात. त्यानंतरच कण किती चमकतो ते सांगता येते.

सैनिकाला याचा काय उपयोग?

पिक्रिक आम्ल हे स्फोटक पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत भरले जात असे. ते मिसळले की अनेक कार्बन डॉटची चमक विझते. त्यामुळे पाण्यातील किंवा मातीतील स्फोटकांचे अंश शोधण्यासाठी त्यांच्यावर संशोधन चालू आहे. कॅडमियमसारखा विषारी धातू त्यांत लागत नाही, हाही मोठा फायदा आहे.

पण काही कार्बन डॉटची चमक लोहाच्या आयनांनीही विझते. शिवाय आज बनवलेला साठा आणि पुढच्या महिन्यात बनवलेला साठा यांत १० अंशांचा किंवा अर्ध्या तासाचा फरक पडला, तर दोघांचे उत्तर सारखे येईल याची खात्री नसते. सुरुंग शोधणाऱ्या जवानाच्या हातात असे साधन द्यायचे असेल, तर ‘बहुतेक वेळा बरोबर’ एवढे पुरेसे नाही. चमक विझली ती स्फोटकामुळे की गंजलेल्या लोखंडामुळे, हे त्याला ठामपणे कळायला हवे.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तशाच ठेवायच्या आणि तापमान, वेळ, वजन, द्रावक हे सगळे त्याच दिवशी वहीत लिहायचे. आमच्या त्या तीन चंचुपात्रांचे टिपण विज्ञान मंडळाच्या वहीत आहे. पुढच्या सत्रात आम्ही वेळ तोच ठेवून फक्त युरियाचे प्रमाण बदलणार आहोत. ज्यांना रस असेल त्यांनी रविवारी प्रयोगशाळेत यावे.