एका वैद्यकीय शब्दाची फोड

वैद्यकांतील लांबलचक इंग्रजी शब्द पाहून विद्यार्थी बिचकतात; पण फोड केली असतां ते सोपे होतात. ‘हायपोग्लायसीमिया’ हा शब्द आम्ही येथें घेतों. याचे ग्रीक घटक तीन : ‘हुपो’ म्हणजे खालीं, ‘ग्लुकुस’ म्हणजे गोड व ‘हाइमा’ म्हणजे रक्त. अर्थात्, रक्तांतील साखर कमी होणें.

उच्चारतांना मात्र तुकडे सहा पडतात : हाय–पो–ग्लाय–सी–मि–आ. आघात चौथ्यावर द्यावा. अर्थाची व उच्चाराची फोड येथें जुळत नाहीं. कारण दुसऱ्या घटकांतील ‘क’ पुढील स्वरास मिळून इंग्रजींत ‘स’ होतो. ‘ग्लुकोज’मध्यें तोच ‘क’ कायम आहे.

आतां ‘हायपर’ म्हणजे वर. म्हणून ‘हायपरग्लायसीमिया’ म्हणजे साखर वाढणें. आघात दोहोंतही ‘सी’वरच असल्यानें दुसरा तुकडा कानास पुसट ऐकूं येतो. उपाय मात्र उलट आहेत. साखर उतरलेल्या मधुमेही रोग्यास, ती वाढली असें समजून इन्सुलिन टोंचल्यास प्राणावर बेतेल. म्हणून ‘पो’ व ‘पर’ स्पष्ट उच्चारावे. आणि संशय आल्यास ‘साखर कमी कीं जास्त?’ असें सरळ मराठींत विचारावें.