ऑक्सिमीटर व मनगटी घड्याळ : घरच्या घरी आकडा कसा घ्यावा आणि कसा वाचावा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या अंकात हृदय आणि फुप्फुस, म्हणजे माणसाच्या छातीतला पंप आणि भाता, यांच्याविषयी लिहीत आहोत. गटात फिरताना पाहतो तर शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांत बऱ्याच घरांच्या फडताळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पडलेले आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला मुलगा सणाला येतो आणि वडिलांच्या मनगटाला नाडी मोजणारे घड्याळ बांधून जातो. वस्तू घरात आली, पण ती वाचायची कशी हे सांगायला कोणी आले नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. पथके वाड्यावस्त्यांवर जाऊन घरोघर ताप व ऑक्सिजन मोजू लागली, तेव्हा पुष्कळांनी हे यंत्र पहिल्यांदा पाहिले. पुढे एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरीच सहा मिनिटे चालून पुन्हा ऑक्सिजन पाहण्याची सूचना आली. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा चालण्याआधीपेक्षा ३ हून जास्त घसरला, की दवाखाना गाठायचा. त्या आजाराचा कावाच असा होता की माणूस ओट्यावर बसून बोलतोय, चहा पितोय, आणि आतून ऑक्सिजन ऐंशीच्या घरात उतरलेला. हे बोटावरच्या यंत्राशिवाय घरात कळण्याची सोय नव्हती. ज्यांना वेळेत कळले ते वाचण्याची आशा तरी होती.

आता यंत्र चालते कसे ते पाहू. आपला ब्रिक्स मीटर रसातून जाणारा उजेड किती वाकतो त्यावरून गोडी सांगतो. ऑक्सिमीटरसुद्धा उजेडावरच चालतो. त्यात एक लाल दिवा असतो आणि एक डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त किरणांचा. ऑक्सिजन भरलेले रक्त लाल उजेड कमी शोषते, रिकामे रक्त जास्त शोषते. दोन्ही उजेडांचा हिशेब घालून यंत्र टक्केवारी काढते. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ च्या सुमारास शोधली. त्यातली गोम अशी की नाडीच्या ठोक्याबरोबर जे रक्त हलते, तेवढ्याचाच हिशेब धरायचा. म्हणूनच बोटात नाडी नीट पोचत नसेल तर आकडा खोटा येतो. थंडीत पहाटे पाणी धरून आलेल्या माणसाच्या गारठलेल्या बोटाला यंत्र लावले तर ८५ सुद्धा दाखवील, आणि घरात उगाच रडारड होईल.

ब्रिक्स पाहताना आपण एका कांड्यावरून प्लॉट तोडणीला देत नाही. शेंड्याचा, बुडख्याचा, चार ठिकाणचा ऊस पाहतो. इथेही तेच धोरण ठेवावे. पाच मिनिटे शांत बसावे. हात चोळून गरम करावा व छातीच्या उंचीवर टेकवून ठेवावा. नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको. यंत्र लावल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे, हात हलवू नये, बोलू नये. मग दुसऱ्या बोटावर पुन्हा पाहावे. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो.

मात्र यंत्राचा आकडा काट्यावरच्या वजनासारखा पक्का मानू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच सांगितले आहे की यंत्र ९० दाखवीत असेल तर खरा ऑक्सिजन ८६ ते ९४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तिथल्याच २०२० सालच्या एका पाहणीत असेही आढळले की काळ्या कातडीच्या रुग्णांत यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखविण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. आपण उन्हात रापलेली माणसे, तेव्हा हे ध्यानात ठेवलेले बरे. यावर घरात होण्यासारखा उपाय एकच आहे, तो म्हणजे वही. तब्येत चांगली असताना आठवडाभर रोज एकाच वेळी आकडा व नाडी लिहून ठेवा. आजोबांचा नेहमीचा आकडा ९७ असेल आणि आज दोन-तीनदा पाहूनही ९३ येत असेल, तर त्या घसरणीला किंमत आहे. विडी न ओढताही चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी होतात, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या आजींचा आकडा मुळातच कमी असू शकतो. त्यांचा नेहमीचा किती धरायचा हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

गुऱ्हाळवाल्या मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कोंडलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. तो ऑक्सिजनची जागा बळकावून रक्ताला चिकटतो, आणि बोटावरच्या साध्या यंत्राला तो ऑक्सिजनपासून वेगळा ओळखता येत नाही. चुलवणापुढे जाळ घालणाऱ्याचे किंवा बंद खोलीत शेगडी लावून झोपलेल्याचे डोके गरगरतेय, मळमळतेय आणि यंत्र ९८ दाखवतेय, असे होऊ शकते. तिथे यंत्राकडे पाहत बसू नका. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, मग दवाखान्यात न्या.

आता घड्याळाचे. १९४० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी चालत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेणारे पहिले यंत्र केले. ते पाठीवर बांधावे लागे आणि त्याचे वजन ३८ किलोच्या आसपास होते, म्हणजे तोडणी मजुराच्या डोक्यावरची उसाची मोळीच म्हणा ना! आज डॉक्टर चोवीस तासांसाठी छातीला ‘होल्टर’ लावतात तो मुठीत मावतो. मनगटी घड्याळ नाडीचा अंदाज बरा देते. काही महागडी घड्याळे ठोक्यातली अनियमितताही पकडतात. रात्री झोपेत नाडी पन्नाशीत गेलेली दिसली, चक्कर किंवा दम नसला, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. परंतु घड्याळातला ईसीजी हृदयाकडे एकाच बाजूने पाहतो, दवाखान्यातला बारा बाजूंनी. हृदयविकाराचा झटका घड्याळाला ओळखता येत नाही, आणि ऑक्सिमीटरलाही नाही. झटका आलेल्या माणसाचा ऑक्सिजन ९८ असू शकतो.

हे आम्ही जोर देऊन लिहितो, कारण “ऑक्सिजन चांगला आहे, पित्त झालं असेल, सोडा प्या” असे म्हणून रात्र काढणारी घरे आम्हाला माहीत आहेत. छातीत दाब किंवा कळ, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारे दुखणे, गार घाम, बसल्या जागी धाप, ओठ निळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. वस्ती कालव्याकडेला किंवा आडरस्त्याला असेल तर एका माणसाने विजेरी घेऊन फाट्यावर उभे राहावे. ऐन हंगामात रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला असतो, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्यांनी वाट मोकळी करून द्यावी.

जाताना वही बरोबर घ्यावी. डॉक्टर पहिला प्रश्न “कधीपासून?” असाच विचारतात. आणि यंत्र वापरात नसेल तेव्हा त्यातले सेल काढून ठेवावेत. फडताळात पडून ते पाझरतात आणि नेमक्या रात्री यंत्र चालू होत नाही.